स्थळपाहणी

काही माणसं निवृत्त होतात आणि काहींची नुसती पेन्शन सुरू होते. आमचे सासरे, म्हणजे अण्णा, दुसऱ्या जातीतले. सार्वजनिक बांधकाम खात्यानं यवतमाळला शाल-श्रीफळ देऊन त्यांना मोकळं केलं. त्यांनी खात्याला अजून मोकळं केलेलं नाही. खिशात टेप, वहीच्या कण्यात खोचलेली पेन्सिल आणि दिसेल त्या बांधकामाकडे एक डोळा मिटून बघायची सवय. मंगल कार्यालयात लोक जेवणाच्या पंगतीचा अंदाज घेतात, तेव्हा अण्णा स्लॅबला कुठं ओल आलीय ते शोधत असतात. वरात आली की रस्त्याचा उतार कुठल्या बाजूला काढलाय ते बघतात. नवरदेव घोड्यावरून उतरला की नाही, हे त्यांना सासूबाई सांगतात.

पाहणी झाली की अभिप्राय. तोही कायम एकाच वळणाचा: "तत्त्वतः मान्य, परंतु." सगळी गंमत या परंतुच्या पुढं. कोणतंही काम पूर्ण नाकारायचं नाही, कारण नाकारलं की कारणं द्यावी लागतात. पूर्ण मान्यही करायचं नाही, कारण उद्या पडलं तर सही आपली असते. माझं स्थळ त्यांच्याकडे सांगून गेलं, तेव्हा त्याचीही रीतसर पाहणी झाली होती. शेरा हाच. त्यातल्या परंतुच्या पुढं काय लिहिलं होतं, ते सासूबाईंनी मला आजवर कळू दिलेलं नाही.

तर अण्णा आमच्याकडे आले. आम्ही अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिलला राहतो. मुळात कापसाचं गाव. १९५० मध्ये वेर्नर फॉन ब्राउन आणि त्यांची जर्मन मंडळी इथं आली, माणसाला चंद्रावर नेणारं सॅटर्न रॉकेट इथल्या मार्शल केंद्रात आकाराला आलं आणि गाव स्वतःला 'रॉकेट सिटी' म्हणवून घेऊ लागलं. हमरस्त्यावरून जाताना उभ्या सॅटर्न रॉकेटची भलीमोठी प्रतिकृती दिसते. पाहुणे तिच्यासमोर फोटो काढतात. अण्णा म्हणाले, "पाया किती खोल घेतलाय?"

पहिल्या आठवड्यात त्यांनी आमच्या घरामागचा लाकडी डेक तपासला (तत्त्वतः मान्य, परंतु टेकू अपुरे), शेजारच्या चर्चचं पार्किंग तपासलं आणि कोपऱ्यावरच्या चौकात गटाराची झाकणं मोजली. आणखी आठवडाभरानं त्यांना तपासायला काही उरणार नाही आणि ते माझ्या नोकरीकडे वळतील, अशी मला धास्ती होती. तेवढ्यात एका मित्राकडे जेवताना विषय निघाला, की आपल्या विमानतळावर आता अवकाशयान उतरणार.

अण्णांचा घास हातातच राहिला. "कोणत्या विमानतळावर? आम्ही उतरलो त्या?"

"हो. मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं, एफएएनं, परवाना दिला. रोज प्रवासी विमानं येतात-जातात अशा विमानतळाला अंतराळातून परतणारं यान उतरवून घ्यायचा परवाना मिळाला, तो हा पहिलाच."

"स्थळपाहणी कोणी केली?"

यावर कोणापाशी उत्तर नव्हतं, आणि अण्णांना ते नकोही होतं. उत्तर त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

परतताना गाडीत मी माहिती पुरवली. यानाचं नाव ड्रीम चेसर, कंपनी सिएरा स्पेस. लांबी जेमतेम ३० फूट, म्हणजे जुन्या स्पेस शटलच्या पाव. पंख मिटून रॉकेटच्या टोकावर बसून वर जायचं, अंतराळ स्थानकाला सामान द्यायचं आणि परतताना पंखांवर तरंगत धावपट्टीवर उतरायचं. समुद्रात पडून जहाजाची वाट बघत बसायला नको. उतरताना बसणारा झटका दीड जीपेक्षा कमी, त्यामुळे प्रयोगाचे नाजूक नमुनेही शाबूत राहतात. या यानाची वंशावळ तर आणखी मजेशीर आहे. १९८२ मध्ये सोव्हिएत रशियाचं बोर-४ नावाचं छोटं चाचणी यान हिंदी महासागरात उतरलं. त्याला पाण्यातून उचलत असताना ऑस्ट्रेलियाच्या टेहळणी विमानानं फोटो काढले. ते फोटो अमेरिकेत पोचले, त्या आकारावरून नासानं एचएल-२० ही रचना केली आणि तिच्यावरून हे ड्रीम चेसर आलं.

"म्हणजे ड्रॉइंग दुसऱ्या डिव्हिजनचं आहे," अण्णा म्हणाले. "चालतं. आम्हीही पुसदच्या पुलाचं ड्रॉइंग वणीला वापरलं होतं. नदी वेगळी होती, एवढंच."

मग थोडं थांबून, "उतरताना इंजिन?"

"बंदच. नुसतं तरंगत यायचं."

"म्हणजे चुकलं तर वर जाऊन फिरून यायची सोय नाही?"

"नाही. पहिल्याच खेपेला उतरावं लागतं."

अण्णांनी वहीत लिहिलं: *दुरुस्तीस वाव नाही.* खाली दोन रेघा मारल्या.

रविवारी सकाळी आम्ही विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभे होतो. सभोवती कापसाची शेतं. यवतमाळचा माणूस कापसाचं शेत बघून हळवा होईल असं मला वाटलं होतं. अण्णा जमिनीकडे बघत होते. आयुष्यभर त्यांचं वैर काळ्या मातीशी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचा रस्ता दर वर्षी उखडून टाकते. इथली माती लाल. त्यांनी चिमूटभर माती घेतली, बाटलीतलं पाणी घालून मळली आणि गाडीच्या बॉनेटवर तळहातानं तिची वळी वळायला लागले. वळी बारीक होत गेली, पेन्सिलीएवढी झाली, मग उदबत्तीच्या काडीएवढी. अण्णा वाकून तिच्याकडे बघत होते. तीन मिलिमीटरच्या आसपास आली आणि तुटली. त्यांनी तुकडे बोटांनी चाचपले, पुन्हा गोळा केला, पुन्हा वळलं, पुन्हा तिथंच तुटली.

"बरी आहे," ते म्हणाले. बॉनेटवर लाल पट्टे उमटले होते. "गिट्टी कुठून आणतात?"

तेवढ्यात पिवळा दिवा लावलेली एक गाडी आमच्याजवळ येऊन थांबली. गणवेशातला एक आडदांड, सुस्वभावी तरुण उतरला आणि अदबीनं विचारू लागला, की आपण इथं काय करताय. माझ्या पोटात गोळा आला. अण्णांच्या मात्र चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांच्या उभ्या हयातीत पाहणीच्या वेळी गणवेशातला माणूस आला तो छत्री धरायलाच. त्यांनी त्याच्या हातात टेपचं टोक दिलं. गंमत अशी, की त्यानं ते धरलं. कुंपणापासून रस्त्याच्या कडेपर्यंतचं माप घेऊन झाल्यावर अण्णांनी त्याची पाठ थोपटली. मी जमेल तेवढ्या नम्रतेनं खुलासा केला. तो हसून गेला, पण आम्ही निघेपर्यंत लांबवर गाडी लावून बसला. "सोबत थांबला बघा," अण्णा म्हणाले. "शिस्त आहे."

धावपट्टी अर्थातच कुंपणाबाहेरून मोजता येत नाही. आकडे मी दिले. इथं दोन समांतर धावपट्ट्या आहेत, एक १०,००० फुटांची, दुसरी १२,६०० फुटांची, दोन्ही १५० फूट रुंद. युरोपातून माल घेऊन थेट येणाऱ्या अगडबंब ७४७ विमानांची या गावाला जुनी सवय आहे. शटल ज्या धावपट्टीवर उतरायचं ती केनेडी केंद्रातली पट्टी १५,००० फूट लांब आणि ३०० फूट रुंद.

"रुंदी निम्मी?"

"पण यान पाव आहे, अण्णा."

"यान पाव झालं म्हणून चूक पाव होते का?"

मी गप्प बसलो. पुढच्या चाकाचा विषय काढलाच नसता तर बरं झालं असतं, पण काढला. ड्रीम चेसरला मागं दोन चाकं आहेत. पुढं चाक नाही, एक घसरता पाय आहे. नाक खाली टेकलं की तो पाय धावपट्टीवर घासत जातो आणि यान थांबतं.

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "नांगर?"

"नांगर नाही म्हणता येणार..."

"जावईबुवा, पस्तीस वर्षं आम्ही रस्ते केले आणि डांबर वाळायच्या आत पाणीपुरवठ्यानं ते खोदले. पण ते निदान जमिनीवरून यायचे. तुमच्याकडे खोदणारा थेट आकाशातून येतो, आणि त्याला तुम्ही परवाना देता? खड्डा बुजवायचा कोणाच्या हेडमधून?"

मी २६ ऑक्टोबर २०१३ ची गोष्टही सांगितली. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर हेलिकॉप्टरनं उंचावरून सोडलेलं चाचणी यान झकास तरंगत आलं, अगदी मधल्या रेषेवर आलं, आणि डावं चाक उघडलंच नाही. यान धावपट्टीवरून घसरत बाहेर गेलं. अण्णांनी विचारलं, ठेकेदार काळ्या यादीत गेला का. नाही गेला. २०१७ च्या नोव्हेंबरात पुन्हा चाचणी झाली, नीट उतरलं. "हूं," अण्णा म्हणाले. त्या 'हूं'मध्ये पस्तीस वर्षांतले सगळे ठेकेदार होते.

आपल्या पुष्पकचा विषय मी काढला, तेव्हा मात्र त्यांचा ऊर भरून आला. इस्रोचं पंखवालं यान २०२३ आणि २०२४ मध्ये तीनदा उतरवलं, चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चळ्ळकेरेला. हवाई दलाच्या चिनूकनं साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडलं, तिथून ते आपलं आपण वळून धावपट्टीला लागलं. शेवटच्या खेपेला मुद्दाम बाजूला नेऊन सोडलं, तरी वाट काढून आलं. टेकतानाचा वेग ताशी ३२० किलोमीटरच्या वर. प्रवासी विमान २६० च्या आसपास टेकतं. मग मागं पॅराशूट उघडून वेग शंभरावर आणायचा. अण्णांनी हे सगळं दूरदर्शनवर पाहिलं होतं आणि आकडे त्यांना माझ्याहून पक्के पाठ होते. "परंतु," ते स्वतःच म्हणाले, आणि स्वदेशी यानालाही परंतु सुटला नाही हे पाहून माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. "परंतु ते चाचणीच्या मोकळ्या मैदानावर. एसटी स्टँडात आणून नाही उतरवलं."

इथवर अण्णा मला गमतीचे वाटत होते. त्यानंतर मी त्यांना कागद आणून दिला, आणि चित्र पालटलं.

कागद म्हणजे या परवान्यासाठीच्या पर्यावरणीय मूल्यांकनाचा अहवाल. आमच्या प्रिंटरची शाई संपेपर्यंत जेवढा निघाला तेवढा. अण्णा तो घेऊन जेवणाच्या टेबलावर बसले ते बसलेच. चष्मा बदलला. पानांना कोपरे दुमडले. समासात टिपा झाल्या. सासूबाईंनी दोनदा चहा गरम केला आणि तिसऱ्यांदा स्वतःच पिऊन टाकला. "यांना असं मी यापूर्वी एकदाच पाहिलंय," त्या मला म्हणाल्या, "धरणाची फाइल आली होती तेव्हा."

अहवाल वाचून अण्णांच्या लक्षात आलं, की मातीची वळी, धावपट्टीची रुंदी, घसरता पाय, हे सगळं त्यात आहे, पण थोडक्यात उरकलंय. जीव आहे तो दुसरीकडेच. यान नैऋत्येकडून येणार, मेक्सिकोच्या आखातावरून, मिसिसिपी राज्य ओलांडून. त्या वाटेखाली कोण राहतं? ध्वनीच्या वेगाहून जोरात येणारी वस्तू धमाका करते. तो कुठं ऐकू येईल, काचा हलतील का? विमानतळाला खेटून व्हीलर अभयारण्य आहे, हिवाळ्यात तिथं हजारोंनी क्रौंच उतरतात, त्यांत थोडे दुर्मीळ पांढरे क्रौंचही असतात, त्यांचं काय? यान यायच्या वेळी आकाशातली इतर विमानं कुठं न्यायची, किती वेळ? उतरल्यावर टाकीत काय उरतं? (हायड्रोजन पेरॉक्साइड आणि केरोसीन. शटलमध्ये विषारी हायड्रॅझिन असायचं, म्हणून उतरल्यावर आधी बंदिस्त पोशाखातली माणसं वास घ्यायला पुढं जायची.)

"आता कळलं," अण्णा म्हणाले. "यान उतरतं का, हा प्रश्नच नाही. उतरणारी गोष्ट कुठंही उतरते. ती यायच्या वाटेवरच्या माणसांना कोण विचारणार, तो प्रश्न आहे. धरणाचंही तेच. भिंत बांधायला काय लागतं? भिंत कोणीही बांधतो."

सर्वांत जास्त वेळ ते एका आकड्यावर अडले. एफएएचा नियम असा, की एका परतीच्या फेरीमागं सामान्य जनतेतल्या जीवितहानीची अपेक्षा दहा हजारांत एकापेक्षा जास्त असता कामा नये, आणि कोणत्याही एकट्या माणसापुरता धोका दहा लाखांत एकापेक्षा जास्त नको. कोणत्या गावात किती लोक, यान फुटलं तर तुकडे कसे पसरतील, वारा कसा असेल, छपरं कशाची आहेत, असा सगळा हिशेब घालून हा आकडा काढतात. अण्णांनी तो वहीत उतरवून घेतला, वरखाली बघितला.

"हिशेब सुरेख आहे," ते म्हणाले. "परंतु तो एक कोण, हे त्याला कळवलंय का?"

मी कोलंबियाची आठवण काढली. १ फेब्रुवारी २००३. कल्पना चावलांसह सातही जण गेले, आणि टेक्सास-लुइझियानात विखुरलेले ८० हजारांहून जास्त तुकडे लोकांनी शेतांतून, जंगलांतून वेचले. जमिनीवर एकालाही इजा झाली नाही. हा सगळा हिशेब लोक इतक्या गांभीर्यानं का करतात, ते त्या दिवशी कळलं. अण्णा काही बोलले नाहीत. त्या पानावर त्यांनी शेराही मारला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा रुळावर आली, कारण त्यांना परवान्याची रचना समजली. विमानतळाला मिळाला तो जागेचा परवाना. यान उतरवायचं तर यानवाल्यांनी स्वतःचा वेगळा परवाना काढायचा. जागेच्या परवान्याची मुदत पाच वर्षं. आणि अजून इथं एकही यान उतरलेलं नाही.

"म्हणजे २०२२ ला मंजुरी, अजून वापर सुरू नाही?" अण्णांचा चेहरा इतका उजळला, की मला वाटलं लॉटरी लागली. "मग हे आमच्यासारखंच चाललंय की!"

मी टेक्सासमधल्या मिडलँडचं उदाहरण दिलं. तिथल्या प्रवासी विमानतळाला २०१४ मध्येच अंतराळतळाचा परवाना मिळाला होता, यान उडवण्यासाठी. नाव बदलून 'एअर अँड स्पेस पोर्ट' झालं. ज्या कंपनीचं यान उडायचं होतं तिनं २०१७ मध्ये दिवाळं काढलं. यान उडालं नाही, पाटी आहे. आफ्रिकेतल्या गॅम्बियाच्या बांजुल विमानतळाचीही गोष्ट सांगितली. शटलला उड्डाणानंतर लगेच संकट आलं तर अटलांटिक ओलांडून उतरायला म्हणून नासानं तो निवडला, पदरचा पैसा घालून सुधारणा केल्या. शटल तिथं कधीच उतरलं नाही.

"बांजुलचा कार्यकारी अभियंता हुशार," अण्णा म्हणाले. "रस्ता करून घेतला, मंत्री आलाच नाही. याहून चांगलं काम असतं का?"

मग अहवाल लिहायला घेतला. मराठीत, मोत्यासारख्या अक्षरात, 'मा. संचालक, विमानतळ, हंट्सव्हिल यांचे सेवेशी'. विषय, संदर्भ, महोदय. शिफारशी भरपूर होत्या. यान येण्यापूर्वी मिसिसिपीतल्या गावांत दवंडी द्यावी. क्रौंच असतील त्या महिन्यांत शक्यतो येऊ नये. घसरत्या पायामुळे होणाऱ्या नुकसानीपोटी यानवाल्यांकडून अनामत रक्कम आगाऊ घ्यावी. यानातून येणाऱ्या पाहुण्यांची शासकीय विश्रामगृहात सोय करावी.

"अण्णा, त्यात माणसं नसतात. नुसतं सामान येतं."

"मग तर फारच सोपं," ते म्हणाले आणि ते कलम खोडलं. "मानपान नाही."

शेवटी: *सबब, प्रस्तुत विमानतळ अवकाशयान उतरविण्यास तत्त्वतः योग्य आहे. परंतु.* परंतुच्या पुढं त्यांनी दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. का, ते मी विचारलं नाही.

अहवाल मी विमानतळावर स्वतः नेऊन द्यायचा होता आणि दुसऱ्या प्रतीवर पोच आणायची होती. पोचेशिवाय दिलेला कागद म्हणजे न दिलेला कागद, हे मला लग्नाआधीपासून शिकवलेलं आहे. विमानतळाच्या चौकशीच्या टेबलामागं एक आजीबाई बसल्या होत्या, गळ्यात मोत्यांची माळ, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला. हे काय आहे ते मी सांगितलं. त्यांनी मराठी पानं उलटून पाहिली, अक्षर किती देखणं आहे म्हणाल्या आणि दुसऱ्या प्रतीवर निळ्या पेनानं झोकदार सही ठोकून खाली लिहिलं, 'हॅव अ ब्लेस्ड डे'.

घरी आलो तेव्हा अण्णा दारातच उभे होते. त्यांनी चष्मा बदलला आणि प्रत उजेडात धरली.

"सही आहे. तारीख कुठं आहे?"

मी गाडीची किल्ली पुन्हा उचलली.